आबांचं पोहणं

३ डिसेंबर, आमगाव
मळणी आटोपली. मुलीचा, माधुरीचा, मेक्सिकोहून फोन. तिकिटं पक्की, १४ तारखेला निघायचं, मी आणि सौ. मग नात फोनवर आली. ओवी, वय आठ. म्हणे, "आबा, इथे जमिनीतल्या मोठ्ठ्या विहिरी आहेत, आपोआप झालेल्या. मी फक्त तुमच्यासोबत उतरणार."
झाली पंचाईत. मी तलाव पोहून पार केला होता ही गोष्ट माधुरी लहान असताना तिला सांगितली होती. तिने ओवीला सांगितली. सांगता सांगता तलाव वाढत गेला, मीही वाढू दिला. पार केला हे खरं. म्हशीची शेपूट धरून केला, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एकटा चार हातसुद्धा पोहू शकत नाही मी. वय चौसष्ट.

५ डिसें.
सकाळी शेतावर. बाजूच्या बोडीत, म्हणजे शेततळ्यात, उतरलो; सोबतीला जुना मित्र नामदेव. म्हशीची भानगड एकट्या त्यालाच माहीत, म्हैस त्याचीच होती. पाणी छातीएवढं, थंडगार. तो काठावरून ओरडतोय, "हातपाय मार ना बे!" मारले. नाकातोंडात पाणी, पायात चिखल. दोन वेळा त्याने बखोटीला धरून काढलं.
म्हणाला, "ह्या वयात काऊन मरून राहिला? सांगून टाक ना पोरीले."
सांगतो म्हटलं. संध्याकाळी फोन झाला. धानाचं बोललो, थंडीचं बोललो. नाही सांगितलं.

१७ डिसें.
पोचलो. पाय सुजले. ओवी उंच झाली आहे.

२० डिसें.
आज नुसती विहीर पाहायला नेलं. इथली सगळी जमीन चुनखडीची, आतून पोखरलेली. कधीतरी वरचं छप्पर खचलं आणि खाली पाणी उघडं पडलं. आमच्या बाजारचौकाएवढी रुंद, झाडांची मुळं वरून पाण्यापर्यंत लोंबलेली, उतरायला लाकडी पायऱ्या. पाणी इतकं निवळ की मला वाटलं कमरेएवढं असेल. जावई म्हणाले, "बाबा, शंभर फूट आहे." त्यानंतर मी काठाला फिरकलो नाही.
सौ. म्हणाली, "आपल्या कचारगडच्या गुहेत पानी भरलं त असंच दिसन."
ओवी पायरीवर पाय वर घेऊन बसली. पोहण्याच्या वर्गात एकदा घसरून बुडाली होती, तेव्हापासून पाण्याला शिवत नाही. आईने समजावलं, बापाने समजावलं. ती एकच म्हणते, "उद्या. आबांसोबत."
लाज वाटते ती वेगळी. पण पोरगी माझ्या भरवशावर शंभर फूट पाण्यात उतरणार, ही धास्ती मोठी.

२१ डिसें.
काय दिवस गेला. नीट लिहितो.
नामदेव म्हणाला होता, अंगाला तेल चोळ म्हणजे थंडी बाधत नाही. आपल्याकडे पाण्यात उतरायच्या आधी चोळतातच. सौ.ने बाटली आणलीच होती. डोक्यापासून टाचेपर्यंत चोळलं. दारावरच्या माणसाने दंडाला बोट लावलं, वास घेतला आणि बोलत सुटला. जावयांनी सांगितलं, तेल चालत नाही, पाणी खराब होतं, आधी आंघोळ करून या. केली. परत पाठवलं. पुन्हा केली, पुन्हा परत. साबण लावायचा नाही म्हणे! मग तेल निघणार कसं? मी मनात म्हणतोय, नको सोडूस रे बाबा, हाकलून दे मला. तिसऱ्यांदा टॉवेलने खसखसा पुसून गेलो, तर सोडलं मेल्याने.
आणि हातात जॅकेट दिलं. तरंगायचं. जावई म्हणाले, "घातल्याशिवाय इथे कुणालाच उतरू देत नाहीत." कुणालाच! पट्टीच्या पोहणाऱ्यालाही नाही! त्या दारावरच्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.
उतरलो. जॅकेट कानापर्यंत वर आलं, पण मी वरच राहिलो. ओवीने गळ्याला घट्ट मिठी घातली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ओवी, मला पोहता येत नाही."
"मग तो तलाव?"
"म्हशीची शेपूट धरून."
"म्हणजे तुम्ही खोटं बोलत होता."
"हो."
वाटलं, आता भोकाड पसरणार. मग म्हणाली, "तुम्हाला येत नाही, तर मी बुडत का नाहीये?"
म्हटलं, "जॅकेटमुळे. मीही त्याच्याच भरवशावर आहे."
तिने गळ्याचा एक हात सोडला. मग दुसरा. थोडी दूर गेली, परत आली, परत गेली. शेवटी मलाच शिकवायला लागली, "आबा, गुडघे वाकवू नका. पाय असे मारा." तासभर दोघं पाण्यात होतो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

२२ डिसें.
ओवीने जेवताना सगळं सांगून टाकलं, शेपटीसकट. माधुरी हसून हसून लोळली. मग म्हणाली, "बाबा, मी शाळेत तुमच्यावर निबंध लिहिला होता हो." वाईट वाटलं. तरी सुटलो. आता कुणापासून काही लपवायचं नाही.
सौ. हसली नाही. संत्री सोलत होती. दोन्ही दिवस ती वरच्या पायरीवर सगळ्यांचे कपडे-चपला घेऊन बसली होती.

९ जानेवारी, आमगाव
परत येऊन तीन दिवस झाले. मागे दुकान सांभाळायला मुलगा होता, त्याने सगळं नीट ठेवलंय.
आज दुपारी जेवताना सौ. एकदम म्हणाली, "तितलं पानी चांगलं होतं."
"हो."
"मलेही उतरावं वाटे."
म्हटलं, "मग काऊन नाही उतरली? जॅकेट होतं ना."
"मले जॅकेट कायले पायजे? मले पोहता येते."
माझा घास हातातच राहिला. म्हणे लग्नाआधी माहेरच्या तलावात रोज पोहायची. हरतालिकेला गावासाठी कमळं हीच आणायची, तलावाच्या मधातून. लग्नाला सदतीस वर्षं झाली. माझ्या पोहण्याची गोष्ट या घरात शंभरदा झाली असेल, आणि प्रत्येक वेळी ही तिथेच आम्हाला जेवायला वाढत होती.
"कधी सांगितलं नाही तू."
"तुमी कधी इचारलं?"
मी ताट पुढे सरकवलं.
भात वाढता वाढता म्हणाली, "संक्रांतीले माह्या माहेरी जानार आहो ना आपन? तलाव भरून आहे म्हनते भाऊ."
या वयात, सगळ्या गावासमोर, लोक काय म्हणतील, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. संक्रांत पाच दिवसांवर आहे.