नवसाबाईचं बीपी

सोमवार, ३ नोव्हेंबर

परत आलो! ऑपरेशन नाहीच झालं. हिला टेबलावर घेतलं आणि उतरवलं. भुलीचे डॉक्टर म्हणाले, "नवसाबाईंचं बीपी एवढं वर असताना मी भूल देणार नाही."

गाडीत म्हटलं, अगं, पित्ताशयातले खडे ते काय, चार भोकं पाडतात, आठवड्यात बाई भाकऱ्या थापायला लागते! ही खिडकीबाहेर बघत बसली.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय — लांबवू नका. एखादा खडा नळीत सरकला की कावीळ, आणि मग जिवाशी खेळ. पण बीपी उतरल्याशिवाय हात लावणार नाहीत. बीपी चढतं ते नुसत्या भीतीनं, म्हणाले.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सकाळी पुन्हा कळ. पाठीपर्यंत. ही ओठ दाबून बसते. उद्या भरती.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

वॉर्डात शुभांगी नावाच्या सिस्टर आहेत, पेठ तालुक्यातल्या. ऑपरेशनआधीची भीती घालवायचं काहीतरी शिकून आल्यात. तेही औषधाशिवाय! म्हटलं, "सिस्टर, आम्हा आडत्यांचाही धंदा तोच. शेतकऱ्याला भाव पडायची भीती, व्यापाऱ्याला माल सडायची. दोघांना मधे बसून धीर द्यायचा." हसल्या. माणूस चांगला आहे.

मग त्यांनी हिला विचारलं, "मावशी, नेमकी कशाची भीती वाटते?"

मी सांगितलं, हिला सुईचीसुद्धा भीती नाही, तीन बाळंतपणं घरी झाली.

"काका, मावशींना सांगू द्या ना."

हिनं माझ्याकडे बघितलं. "हे सांगतात तसंच."

मग सिस्टर म्हणाल्या, "काका, जरा चहा घेऊन येता?"

पंचवटीच्या बाजारात टोपल्या वाहून वर आलोय. आपल्याला कधी कटवतायत ते मला बरोबर कळतं. उठलो. चहा आणला, पण थांबलो — पडद्याबाहेरच. कान शाबूत आहेत अजून.

सिस्टर तेल लावून हिचे तळवे चोळत होत्या. "श्वास सावकाश सोडा. गरम दुधावर फुंकर घालतो ना, तसा." दहा-बारा वेळा झालं असेल. मग, "आता डोळे मिटा. कुठं एकदम निवांत वाटलं होतं, ती जागा आठवा."

मला वाटलं, गंगाघाट म्हणेल. नाहीतर माहेरचा मळा. ही म्हणाली, "नाशिक रोडचं टेसन."

"स्टेशन? एवढ्या गर्दीत?"

"भाचीच्या लग्नाला मनमाडला चालले व्हते. एकलीच. गाडी लेट झाली. मोबाइल घरी राहिला. बाकड्यावर बसून शेंगा खाल्ल्या. लय बरं वाटलं बघा, ताई. मी कुठं हाय ते कोणालाच ठावं नव्हतं."

त्या दिवशी मी स्टेशन मास्तरपर्यंत फोन लावले होते! दोन माणसं पिटाळली होती. तेव्हा आल्यावर ही एवढंच म्हणाली होती — गाडी लेट होती.

हातातला चहा आत नेला तर गार झाला होता. म्हणजे बराच वेळ बोलली. बोलायला येतं तर हिला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

एक प्रयोग करून पाहिला.

हिच्या बोटाला चिमटा लावलाय, नाडीबरोबर मशीन टिकटिकतं. लिलावात बोली लावणाऱ्याच्या श्वासावरून मी सांगतो, हा अजून चढणार की इथंच थांबणार. हे तर त्याहून सोपं. सिस्टर शेजारी बसून श्वास घ्यायला लावत होत्या. टिक... टिक... सावकाश. मी पडदा सारला. "काय कारभारीणबाई, घाबरायचं नाही, मी आहे ना!" टिकटिकटिक — लागलं पळायला!

बाहेर गेलो. थोड्या वेळानं सावकाश.

पुन्हा आत. या खेपेला तोंडही उघडलं नाही. तरी पळालं!

सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या लक्षात कालच आलं असणार.

"सिस्टर, मी खाली पार्किंगमध्ये बसतो. झालं की बोलवा."

"वाईट वाटून घेऊ नका, काका. घरचं माणूस दिसलं की काही पेशंटना जास्तच टेन्शन येतं."

"वाईट कसलं? कारण सापडलं, निम्मं काम झालं."

योगेश भडकला. "आईला आत घेतायत आणि तुम्ही गाडीत बसणार? लोक काय म्हणतील?" म्हटलं, तू जा वर. आणि उगाच धीर देऊ नको तिला.

दुपारी — घेतलं! बीपी उतरलं. भुलीचे डॉक्टर लगेच तयार झाले, म्हणे.

संध्याकाळी — झालं. व्यवस्थित. योगेशनं बाटलीतले खडे आणून दाखवले. हरभऱ्याएवढे. वर गेलो नाही. म्हटलं, झोपू दे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

ही पूर्ण शुद्धीवर आहे. चहा प्यायली, योगेशशी बोलली. शहाळं घेऊन वर गेलो. सिस्टर दारातच आडव्या आल्या. "काका, मावशी म्हणतात, अजून थोडं थांबा."

ऑपरेशन तर झालं. आता भीती कशाची?

विचारलं, किती थांबू?

आत जाऊन आल्या. म्हणाल्या, "ते नाही सांगितलं."