हजेरी तेवढी घ्या

आई,

मी चिमीचा शाळेतून दाखला काढायला गेलेय. तिथल्या बाई पुन्हा समजूत घालत बसतील, पण आज दाखला हातात पडल्याशिवाय मी उठणार नाही. तुमच्या लेकाचा फोन आला तर त्यांना हे खुशाल सांगा. रात्री हो म्हणाले होते, सकाळी पुन्हा 'बघू या' सुरू झालं.

दहा वाजता चिमीचं गणित घ्या. तुम्ही तीस वर्षं शाळा चालवलीत, तुम्हाला मी काय सांगणार? तरी सांगते, पाढे तिला उभं करून म्हणायला लावू नका. आणि तुमची पितळी घंटा मी पिठाच्या डब्यामागे लपवलीय. एका मुलीसाठी जेवणाच्या टेबलावर घंटा कशाला?

हजेरी मात्र रोज घ्या. त्या वहीला मी हसले, ते माझं चुकलं. वर्गात 'हजर' म्हणताना चिमी अडखळायची आणि सगळी पोरं हसायची. काल तुम्ही नाव पुकारलंत, तर बाथरूममधून ओरडली, 'हजर!' एका दमात.

मी टॉवेल घेऊन दाराबाहेरच उभी होते. तिथेच ठरवलं, दाखला उद्याच आणायचा.