नाव हलते, घाट हलत नाही

गंगाखेड, श्रावण वद्य नवमी, रविवार
(सरकारी दप्तरात मेहेर महिना चालू आहे; तारीख तहसिलीतल्या पेशकाराला, म्हणजे कारकुनाला, ठाऊक.)

राजमान्य राजेश्री व्यंकटराव यांच्या सेवेशी, आपल्या धाकट्या बहिणीचा नवरा दिनकर (वकील, मुन्सफ कोर्ट, आणि गेल्या सोमवारपर्यंत या गावातला शहाणा माणूस) याचे कृतानेक नमस्कार. आपल्या गुडघ्याला उतार पडला असेल, वहिनींचा खोकला सिकंदराबादच्या हवेने बसला असेल आणि रेल्वेच्या कारखान्यात साहेबाची आपल्यावरची मर्जी होती तितकीच असेल, अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे आपल्या भगिनी सुमनबाई क्षेम आहेत, गाय क्षेम आहे. माझे काय ते खाली लिहिले आहे.

पत्रास कारण की, मला गेले सहा दिवस गरम भाकरी मिळालेली नाही. हे वाक्य आपण पुन्हा एकदा वाचावे. ज्याने मुन्सफापुढे खुनाच्या आरोपीलाही तुरुंगात ताजे अन्न मिळावे म्हणून अर्धा तास भाषण केले (आरोपीला नंतर जन्मठेप झाली, पण अन्न ताजे मिळते असे कळते), तो मनुष्य आज स्वतःच्या घरी गोठ्याच्या ओट्यावर बसून गार भाकरी खातो. आपल्या भगिनींचा हुकूम असा की माझ्या अंगाला पेट्रोलचा वास आहे, तोवर मी चुलीच्या पाच हात आत यायचे नाही. भाकरी तव्यावर टम्म फुगलेली मला दुरून दिसते. ती स्वयंपाकघरातून माजघरात, माजघरातून अंगणात आणि अंगणातून माझ्यापर्यंत येते तोवर तिचा पापुद्रा माझ्या अब्रूसारखा खाली बसलेला असतो. विडी तर बंदच. शिकेकाईने न्हालो, मुलतानी माती लावली, कोणी सांगितले म्हणून ताकानेही अंग धुतले. त्यामुळे आता पेट्रोलचा वास तर येतोच, शिवाय ताकाचाही येतो. काल गाईनेसुद्धा तोंड फिरवले.

या सगळ्याचे मूळ आपण आहात, हे मी नात्याचा पूर्ण मान राखून लिहितो. ज्येष्ठात आपण कुणा साहेबाची शिकारीची जुनी मोटारनाव मालगाडीने माझ्या नावावर पाठवलीत आणि सोबत अकरा कलमांचे पत्र. यंत्राला तेल किती, दोरी कशी ओढायची, साहेबाला त्यात किती बदके मिळाली, सगळे होते. चौथ्या कलमात मात्र आपण एवढेच लिहिले होते की, 'नंतर टाकीत पेट्रोल ओतावे.' ओतावे! व्यंकटराव, आपण जन्मात स्वतःच्या हाताने लोट्यातले पाणी फुलपात्रात ओतलेले नाही, म्हणून हा शब्द आपल्या लेखणीतून इतका सहज उतरला.

नाव आली आणि माझ्या डोक्यात वारे शिरले. आपल्या घाटावरून पलीकडे उतारू नेण्याचा गुत्ता, म्हणजे सरकारी मक्ता, गेली वीस वर्षे मुंजाजी भोयाकडे आहे. दर साल श्रावणाअखेर तहसिलीत अर्ज द्यायचा, गुत्ता पुन्हा त्याचाच. त्याची नाव जुनी आहे, पण एकदाही बुडालेली नाही (ही गोष्ट मी माझ्या अर्जात लिहिली नव्हती). मी अर्ज केला की यापुढे गंगाखेडास यंत्राची नाव असावी आणि ती माझी असावी. मला हाव नव्हती. थोडी होती. खरी हौस अशी की 'यंत्राची नाव आणणारे दिनकरराव' असे लोकांनी म्हणावे. आता लोक तसे म्हणतात, पण हसून म्हणतात.

एक बारीकसारीक गोष्ट सांगायची राहिली. मुंजाजीला लिहिता येत नाही. त्याचा दरसालचा अर्ज उर्दूत लिहून द्यायचा तो मीच, आणि त्याची मजुरी म्हणून चैत्रात त्याने नदीच्या वाळूत लावलेल्या वाडीतली टोपलीभर खरबुजं माझ्या ओट्यावर यायची. यंदाही आली. यंदाही मी खाल्ली. मग श्रावणात तो अर्जासाठी आला तेव्हा मी त्याला 'सध्या सवड नाही' म्हणालो, आणि तो पाठमोरा होताच माझा स्वतःचा अर्ज लिहायला घेतला. खरबुजं मात्र यंदा फार गोड होती.

असो. तहसीलदारसाहेबांनी सोमवारी उन्हे कलल्यावर घाटावर येऊन नाव पाहण्याचे कबूल केले. लढाईमुळे पेट्रोल परवान्यावर. महिन्याला दोन डबे, तेही परभणीहून. ते दोन डबे मी बैलगाडीतून गवताच्या गादीवर बसवून, वर ओले पोते पांघरून, नव्या सुनेला आणावे तसे आणले. गाडीवानाला दोन दिवस विडी ओढू दिली नाही. तो अजून माझ्याशी बोलत नाही. सोमवारी दुपारी सुमनबाईंची डुलकी लागलेली पाहून त्यांचे गोड्या तेलाचे नरसाळे धोतराच्या सोग्यात लपवले आणि घाटावर निघालो. (या नरसाळ्याबद्दल माझ्यावर घरात जो खटला चालू आहे, त्यात मला वकील मिळत नाही.)

आता प्रत्यक्ष ओतणे. नाव एका दोरीने पायरीला बांधली होती. एक पाय पायरीवर, एक नावेत, धोतराचा काचा मारलेला, डाव्या हातात नरसाळे आणि उजव्या हातात डबा, अशा थाटात मी उभा राहिलो. घाटावर शंभरेक माणसे. डब्याचे तोंड एका कोपऱ्याला असते. ते खाली येईल असा डबा मी कलता केला, कारण कळशी आपण तशीच ओततो. पेट्रोल मात्र कळशीतल्या पाण्यासारखे येत नाही. ते आधी येत नाही, मग गचकन येते, मग घुटका घेते आणि पुन्हा उसळी मारते. पहिली उसळी माझ्या मनगटावर, दुसरी यंत्रावर. तेवढ्यात नावेला वाटले आपण थोडे पलीकडे जावे. ती जाऊ लागली, माझा एक पायही तिच्याबरोबर निघाला, दुसरा गंगाखेडातच राहिला. या ताणात तिसरी उसळी कुठे गेली ते मी पाहिले नाही. छातीवरून पायापर्यंत गार लागले तेव्हा कळले. उरलेले गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत गेले, आणि पाठोपाठ मीही.

आपण कधी पाण्यावर सांडलेले पेट्रोल पाहिले आहे? फार सुंदर दिसते. तिथे श्रावणी सोमवारचे दिवे सोडायला बायका आल्या होत्या, आणि त्यांच्या पुढे नर्मदाबाई, आमच्या गल्लीतल्या सत्तरीच्या आजी. त्यांनी ते रंग पाहिले आणि हातच जोडले. "अगं बया, गंगामाय सात रंगाचं पातळ नेसली गं!" झाले. हळद आली, कुंकू आले, एकीने ओंजळीत तीर्थ घेतले (ते तिने लगेच बाहेर टाकले आणि काही वेगळेच बोलली). अशा साक्षात्काराला दिवा नको? नर्मदाबाईंनी पानाच्या द्रोणातला दिवा लावला आणि पाण्याकडे वाकल्या. मी कमरेपर्यंत त्या सात रंगांत, छातीपासून पायापर्यंत पेट्रोलात, आणि दिवा माझ्यापासून चार हातांवर. ओरडायला तोंड उघडले, पण बावीस वर्षे कोर्टात चाललेले तोंड त्या क्षणी बंद पडले.

ओरडला तो मुंजाजी. आपल्या नावेतून. "अय आजे! दिवा वर घे! पेटंल!"

"काय रं मुंज्या, गंगामाय पेटती व्हय?"

"गंगामाय न्हाई पेटत, वकीलसायब पेटत्यात!"

घाट हसला. दिवा मात्र वर गेला, आणि मी आज हे पत्र लिहितो आहे. मुंजाजीने सगळे दिवे, विड्या आणि बायका वरच्या पायऱ्यांवर हाकलल्या, मला प्रवाहात वरच्या बाजूला नेऊन देवाची मूर्ती बुचकळावी तसे तीनदा बुचकळले, आणि पाण्यावरचे रंग वाहून जाईतो कुणाला हलू दिले नाही. ऐन त्या वेळी तहसीलदारसाहेब आले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "वकीलसाब, नाव चलानेकू बुलाए थे, या नद्दी धोनेकू?"

एक डबा उरला होता. मी पुन्हा नावेत पाय टाकणार, तो मुंजाजीने दंड धरला आणि टाकीकडे बोट दाखवून विचारले, "ही सुटती का न्हाई?" मी पाहिले. दोन कानाचे स्क्रू होते. ते फिरवले आणि टाकी हातात आली. (आपल्या अकरा कलमांत हे नाही, आणि माझ्या दोन डोळ्यांना ते दोन महिने दिसले नाही.) तो म्हणाला, "नाव हलती, घाट हलत न्हाई. मंग वतायचं कुठं?" टाकी त्याने सपाट पायरीवर ठेवली. तो दरसाल नावेला करंजीचे तेल लावतो, डब्यातूनच. डबा त्याने असा धरला की तोंड वरच्या बाजूला राहिले. "आत वारा गेल्याबिगर बाहिर त्याल येत न्हाई, सायब." धार अशी पडली की जणू दोरा ओवतो आहे. चार बोटे जागा मोकळी ठेवून थांबला (उन्हाने त्याचंबी पोट फुगतं, म्हणाला), फडक्याने तोंड पुसले आणि झाकण माझ्या हातात दिले. पायरीवर एक थेंब नव्हता.

तेव्हा मी त्याला हळूच विचारले की, बाबा, ही नाव चालली तर तुझा गुत्ता जातो, तुला ठाऊक आहे ना? तो फडके पिळत म्हणाला, "ठाव हाय की. पर सांडल्यालं बघवत न्हाई."

मी झाकण घट्ट लावले आणि टाकी पुन्हा यंत्रावर बसवली. तिसऱ्या ओढीला यंत्र सुरू झाले. पलीकडच्या म्हशी उधळल्या, तहसीलदारसाहेब रुमी टोपी दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढे बसले, आणि नदीच्या ऐन मध्यावर यंत्राने दोनदा खोकून प्राण सोडला. मी वीस वेळा दोरी ओढली. नाव नांदेडच्या दिशेने निघाली. मुंजाजी वल्ही मारत आला, साहेबांना आपल्या नावेत घेतले, माझी नाव मागे बांधली. परतताना साहेबांनी त्याला विचारले, तुझी दरखास्त कुठे आहे, अजून दाखल का नाही? आठ दिवसांनी मुदत संपते. मी नदीकडे पाहू लागलो. मुंजाजी वल्हे न थांबवता म्हणाला, "लिवायला दिली हाय, सायब." बस, एवढेच. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. पाहिले असते तर मला सोपे गेले असते.

तात्पर्य, यंत्र सदोष निघाले. गुत्त्याचा माझा अर्ज मी परत घेतला आहे. आपण सवडीने माणूस पाठवून नाव घेऊन जावी. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, वास गेल्यावर वाढवावा.

आपला,
दिनकर

ता. क. यंत्र सदोष नाही. लोक पांगल्यावर मुंजाजीने टाकीच्या झाकणावरचा एक बारका स्क्रू दोन बोटांनी सैल केला आणि म्हणाला, "वारा कोंडला हुता." पहिल्या ओढीत यंत्र सुरू झाले. थेंब सांडू नये म्हणून तो स्क्रू मीच करकचून बंद केला होता. हे घाटावर दोघांनाच ठाऊक आहे, आणि त्यातला एक कुणाला सांगणार नाही. तेव्हा या पत्राचे खरे कारण असे की, तहसीलदारसाहेबांना नावेचा मोह पडला आहे. यंत्र दुरुस्त करून घ्या आणि अर्ज पुन्हा द्या, म्हणतात. तरी आपण मला एक उघडे कार्ड लिहावे की, 'दिनकरराव, मी तुम्हाला मोडके यंत्र पाठवले, ते दुरुस्त होण्यासारखे नाही, मला माफ करा.' खाली आपली सही स्वच्छ असावी. मी ते तहसिलीत दाखवीन. आपला कमीपणा होईल, पण सिकंदराबादेत तो कोणाला कळतो?

आणखी ता. क. कार्डाबरोबर पितळेचे एक नरसाळे पाठवावे. जरा मोठे. सुमनबाईंच्या हाती ते पडल्याखेरीज पाच हातांचे तीन होणार नाहीत.

शेवटचे ता. क. हे पत्र साध्या कागदावर आहे, राग नसावा. घरात चांगल्या कागदाचा एकच ताव होता. त्यावर काल मुंजाजीचा अर्ज लिहिला. वीस वर्षांत नाव एकदाही बुडाली नाही, हे या खेपेला पहिल्याच ओळीत घातले. त्याचा अंगठा घेतला आणि मीच नेऊन दाखल केला. पेशकाराने कागद नाकाशी धरला, माझ्याकडे पाहिले आणि शिक्का मारण्याआधी टेबलावरचा दिवा लांब सरकवला. मुंजाजी विचारत होता, मजुरी काय द्यायची. मी म्हणालो, चैत्रातच पोचली.