समोरासमोर खोके

नाचणगाव, रविवार, ८ जानेवारी १९५६

मोती आणि चिमी, आमची कुत्र्याची पिल्लं, सख्खी भावंडं. आठवडाभर वेगवेगळ्या खोक्यांत निजायला शिकवतोय, आणि दोघं रोज रडतायत. बाबांनी सकाळी सांगूनच टाकलं, "आज रडले तं सांजी तुहा गिरडचा मामा आला का एक पिल्लू त्याले देऊन टाकजो."

खोके दोन कोपऱ्यांत ठेवले, हीच माझी चूक का?

दुपारी सौ. म्हणाली, "काऊन दूर ठेवले जी खोके? त्याईले एकमेकं दिसू द्या न."

मी खोके समोरासमोर चिकटवले. मोती आपणहून एकात शिरला, चिमी दुसऱ्यात. खोक्यांमधल्या फटीतून नाकाला नाक लावून झोपली, हूं की चूं नाही!

संध्याकाळी मामा खरंच आले. दारातच बाबा कुजबुजले, "हळू बोल. लेकरं निजले."