जे मी धाकटीला लिहिलेच नव्हते

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, विधवा, धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, कोणाचे दडपण नाही, आणि राग आहे तो पूर्ण शुद्धीतला आहे. हे मी शाईने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी माझ्या नावाने फोनवर जे काही लिहिले गेले, ते सगळेच माझे नाही.

१. कवळ्या घासायची मोटर, मेण कोरायच्या सुऱ्या आणि भट्टी समोरच्या गल्लीतल्या माझ्या प्रतिस्पर्ध्याला द्यावी. जन्मभर तो माझ्या कामाला नावे ठेवत आला. आता निदान चांगल्या हत्याराने काम करील.

२. बँकेतली शिल्लक चिरंजीवांना. पोटचा गोळा आहे, नाही म्हणवत नाही. पण तेवढीच का, तेही ऐकून घ्यावे. माझा सगळीकडे एकच पासवर्ड होता. कुठल्याशा साइटवरून तो फुटला, माझ्या नावावर कोणी भलतीच खरेदी केली, तेव्हा हा धावून आला. "आई, तुला यातलं कळत नाही, मी बघतो." प्रत्येक साइटला वेगळा, लांबलचक पासवर्ड केला आणि झाडून सगळे ओटीपी स्वतःच्या फोनवर वळवले. चोर थांबले, हे खरे. पण माझेच मेल उघडायला मी त्याला फोन करायचा, आणि त्याने म्हणायचे, "आई, मीटिंगमध्ये आहे." लाजेपायी मी हे कोणाला बोलले नाही.

३. धाकटी बहीण मला लिहायची, "ताई, जिवंत आहेस तोवर घर पोराच्या नावावर करू नकोस." तिचे निरोप माझ्याआधी तो वाचतो, हे मला काय ठाऊक! त्याने माझ्या नावाने, माझ्या फोटोशेजारून तिला उत्तर दिले: "तुला मूल नाही, तुला काय कळणार? माझ्या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस." मग माझ्या बाजूने ते पुसले आणि तिला ब्लॉक करून टाकले. कुंपणानेच शेत खाल्ले.

मला वाटले, धाकटी रुसली. शेवटी तिच्या दारात गेले. तिने साखळी न काढता फटीतून फोन पुढे धरला.

"हे तूच ना?"

"अगं, आईशपथ, मी नाही!"

"मग कोण? नाव तुझं, फोटो तुझा. आता पोरावर ढकल."

दार लागले. चिरंजीवांना जाब विचारला तर म्हणे, "तुझ्या भल्यासाठीच केलं." मग हेच मावशीला जाऊन सांग म्हटले, तर पुन्हा तेच, "आई, मीटिंगमध्ये आहे."

४. बँकेत आणि फोनच्या दुकानात स्वतः जाऊन, ओळखपत्र दाखवून, मी सगळी खाती माझ्या नंबरवर परत आणली आहेत. पासवर्डचे मोहोरबंद पाकीट वकिलांकडे आहे. माझ्यामागे त्यांनी खात्यांतले फोटो उतरवून घ्यावेत आणि मग खाती बंद करावीत. वाढदिवसाच्या शुभेच्छांना माझ्या नावाने कोणीही "धन्यवाद" लिहू नये. मेलेल्या बाईला गप्प राहू द्यावे.

५. राहते घर, कामाच्या खोलीसकट, धाकटीला. वकील म्हणाले, "बाई, त्या तर तुमच्याशी बोलत नाहीत." म्हणूनच तर! फोन केले, उचलले नाहीत. पत्र टाकले, ते "घेण्यास नकार" असा शेरा घेऊन परत आले. पण घर मिळणाऱ्याला बोलावणे धाडावेच लागते. ती आल्यावर वकिलांनी हा कागद तिच्यासमोर मोठ्याने वाचावा, अशी माझी अट आहे.

धाकटे, घर नको असेल तर विकून टाक. पण ऐक. तुझी मुले पोटातच गेली, तेव्हा दोन्ही वेळा तुझ्या उशाशी कोण बसले होते? त्यावरून मी तुला टोचून बोलेन? त्याने लिहिले ते लिहिले, तू ते खरे कसे मानलेस गं? या गोष्टीचा राग मला पोरावरच्या रागाहून मोठा आहे. तो मी कोणाच्याही नावे करत नाही. बरोबर घेऊन जाते.

सही: माझी, माझ्याच हाताने.

आमच्यादेखत सही झाली, असे सांगणारे साक्षीदार: शेजारचा घड्याळजी, वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई.

ठिकाण: वकिलांची कचेरी.
दिनांक: शिक्क्यावर आहे तोच.