आफ्रिकेच्या बेडकीची अंडी

अप्पा, तुमच्याशी एकदा कडकडून भांडायचं होतं, ते राहूनच गेलं. तुम्ही होतात तेव्हा माझी छाती झाली नाही, आणि आता छाती आहे तर समोर कुणी नाही. म्हणून लिहायला बसले. तुम्ही मध्येच उठून बाहेर जाल अशी भीती या वेळी तरी नाही.

गुलबर्ग्याच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागची तुमची खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. रजाकारांचा धिंगाणा सरला होता, राज्य मात्र अजून हैदराबादचंच होतं. बाईंनी मुंबईहून आफ्रिकेची बेडकं मागवली होती. चपटी, गुळगुळीत, मागच्या पायांना काळी नखं, आणि पाणी सोडून कधी बाहेर न येणारी. दिवस राहिल्याची शंका असलेल्या बाईची लघवी बेडकीला टोचायची. शंका खरी असली तर बेडकी सकाळपर्यंत अंडी घालायची. त्या बेडकांची निगा तुमच्याकडं होती. दर वेळी मुंबईकडं हात पसरायला नकोत, पिल्लं इथंच काढायची, हा तुमचा हट्ट. त्यासाठी दोन हौद केले होते. एकात नर-माद्या पिल्लांसाठी, दुसऱ्यात नुसत्या माद्या तपासणीसाठी. "नराजवळ ठिवलेली मादी आपसूक अंडी घालती, तिच्या अंड्याला काय अर्थ न्हाई," हे तुम्ही खोलीत डोकावणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचात. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, त्यामुळं बेडकांसाठी खाटकाकडून काळीज आणायला तुम्ही साफ नकार दिला आणि उकिरडा उकरून गांडुळं गोळा करू लागलात. आई म्हणायची, "गांडूळ काय भाजीपाला हाय व्हय?" तुम्ही ऐकू न आल्यासारखं करायचात. पिल्लं निघायची, काचेसारखी आरपार दिसणारी, आणि चार-आठ दिवसांत पाणी नासून सगळी मरायची. त्या दिवशी तुम्ही जेवायचा नाहीत.

मग तो पाणीटंचाईचा उन्हाळा. पखालवाला दिवसाआड येऊ लागला, आला तरी अर्धी पखाल. दोन हौद भरणं जमेना, म्हणून तुम्ही सगळी बेडकं एका हौदात सोडलीत. बाई परगावी होत्या. त्या येईपर्यंत तपासणी बंद, असं तुम्हीच दारात उभं राहून बायकांना सांगत होतात. आणि नेमकी तेव्हाच अक्का सासरहून, औरादहून आली. लग्नाला वर्षं होऊन गेली तरी पाळणा हलला नव्हता, आणि सासूनं मुलासाठी दुसरी मुलगी बघून ठेवली होती. त्या महिन्यात अक्काची पाळी चुकली होती. दवाखान्याचं उत्तर येईपर्यंत सुपारी फोडायची नाही, एवढंच दाजींनी आपल्या आईकडून कसंबसं कबूल करून घेतलं होतं. मुलीकडचे त्याच आठवड्यात यायचे होते. अक्का तुमचे पाय धरून म्हणाली, "अप्पा, टोचून तर बघा की. मी परत गेले आन् ती घरात आली तर मी कुठं जाऊ?"

तुम्ही त्या एकत्र हौदातली मादी उचलता. सुई टोचता. तिला बरणीत सोडून वर विहिरीचं गार पाणी घालता. सकाळी बरणीच्या तळाशी अंडीच अंडी. अक्का जमिनीवर बसून त्या बरणीला हात जोडते, रडते, हसते, पुन्हा रडते. मी तुमच्या कानाशी लागते.

"अप्पा, ही नरासंगं ठिवलेली न्हाई व्हय?"

"गप बस. कामून बोलायलीस?"

"पर तुम्हीच म्हनता की..."

"तिच्या तोंडाकडं बघ आधी," तुम्ही म्हणता, आणि स्वतः मात्र तिकडं बघत नाही.

अक्का मोटारीनं सासरी गेली. मुलीकडच्यांना निरोप गेला, येऊ नका. सासूनं तिला जड उचलू दिलं नाही, ताटात तूप वाढलं. आणि थोड्याच दिवसांत अक्काच्या अंगावर गेलं. तिनं ऊर बडवून घेतला. पण एकदा दिवस राहिले तर पुन्हा राहतील, या आशेवर घर थांबलं, आणि पुढं खरंच दोन मुलगे झाले. म्हणजे तुम्ही जिंकलात, अप्पा. तुमच्या लबाडीनं तिचा संसार वाचला, हे मी नाकारत नाही. मला राग आहे तो पुढचा. ती तुमच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "माझ्याच हातून गेलं, मी घागर उचलली," तेव्हा तरी सांगायचं होतंत. तुम्ही नुसतं तिच्या केसांवरून हात फिरवत राहिलात. कदाचित खरंच दिवस राहिले असतील, असं मीही स्वतःला समजावून पाहिलं. पण त्या अंड्यांनी ते कळणार नव्हतं, हे तुम्हाला पुरतं माहीत होतं. नसलेल्या मुलाचं पाप ती जन्मभर अंगावर घेऊन बसली. अजून ती घागरीला हात लावत नाही, सुना हसतात.

हा कागद तिच्या घरात ठेवता येणार नाही, माझ्याही नाही. मी तो फाडून टाकणार आहे. परवा औरादला गेले होते ते तिला सगळं सांगायचंच, असं ठरवून. आता दोघीही पिकली पानं, आता नाही तर कधी. अक्का अंगणात बसली होती. म्हणाली, "माझं थोरलं असतं तर आज मला धरून चालवलं असतं बघ. कुणावानी दिसलं असतं गं?" मी तोंड उघडलं, आणि म्हणाले, "अप्पावानी."