राजेसाबची मशीन

११ जानेवारी १९७६, रविवार

आली एकदाची! चार माणसं लावून हातगाडीवरनं आणली, मागच्या अंगणात पत्र्याखाली बसवली. एकाच लोखंडी बैठकीवर करवत, रंधा आणि भोक पाडायचं ड्रिल. मोटर एक, कामं तीन! शुक्रवार पेठेतल्या राजेसाब सुताराची. तो गेल्या साली वारला. हातमागावर आडवा दोरा इकडून तिकडं नेणारे लाकडी धोटे करावेत ते राजेसाबनंच, असं सगळे विणकर म्हणायचे. मशीन विकली त्याच्या भावानं, हाशमनं. राजेसाबची बायको सरदारबी दारात उभी होती. गाडी हलायच्या आधी पुढं झाली, पदरानं रंध्यावरची धूळ पुसली.

बावीस वर्षं शाळेत पोरांना सुतारकाम शिकवतोय — बोथट करवतीवर. तीन वर्षांनी रिटायर. मग आपलं स्वतःचं काम! सावित्रम्मा म्हणाली, "आधी घरात एक पाट तरी करा, कल्लप्पा मास्तर." बायकोनं मास्तर म्हटलं की समजावं.

१४ जानेवारी

संक्रांत. सगळे गड्ड्याच्या यात्रेला, मी मशीनवर. करवतीला लावली की फळी काळी पडते, धूर निघतो. का?

१८ जानेवारी

पाट केला. डुगडुगतो. सावित्रम्मा त्यावर बसलीच नाही — सरळ बंबात घातला!

२२ जानेवारी

सरदारबी आली होती. रंध्याची दोन पाती तिच्या घरी राहिली होती, ती द्यायला. मशीन चालूच होती. दारातच थांबली, कान देऊन.

"मास्तर, पट्टा ढिल्ला हाय. आवाजावरनंच कळतंय की."

मी हसलो. ती हसली नाही. मोटर बंद करायला लावली, पाना मागितला. पट्टा ताणला. मग वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अन् करवतीचं पातं उलटं बसवलंय तुमी!"

उलटं! अकरा दिवस मी उलट्या पात्यावर लाकूड जाळत होतो! तिनं फिरवून बसवलं, फळी सरकवली. लोणी कापावं तशी कापली.

२४ जानेवारी

सरदारबी परत आली. आज विचारलं — तुम्हाला हे सगळं येतं कसं?

माझ्याकडं न बघता सावित्रम्माकडं बघून बोलली. राजेसाबचे हात पाच वर्षं थरथरायचे. पेला धरता येईना. "दार लावून मीच करायची समदं. त्ये बाहीर बसायचे, गिऱ्हाइकाशी बोलायला."

म्हणजे ते नावाजलेले धोटे —! पाच वर्षं हिचे!

तो गेल्यावर हाशम म्हणाला, बाईमाणसानं मशीन चालवली तर लोक हसतील. विकून टाकली. आता ही विड्या वळते. "दिसभर तंबाखू हातात. लाकडाचा वास इसरले बघा."

सावित्रम्मानं कपात आणखी चहा ओतला. म्हणाली, "तू येत जा गं. मी हाय की हितं."

२९ जानेवारी

रोज दुपारी येते, मी शाळेत असताना. घरी येऊन बघतो तर कट्ट्यावर धोटे ओळीनं मांडलेले. एक गालाला लावून बघितला. इतका गुळगुळीत! मी नुसतं तेल लावतो.

१ फेब्रुवारी, रविवार

नरसय्या मागवाले आले. त्यांच्या कारखान्यात चादरीचे बारा माग. धोटा हातात घेतला, टोकापासून टोकापर्यंत बोट फिरवलं. "मास्तर, हात बसला तुमचा! राजेसाबची आठवण झाली."

सरदारबी आत होती, स्वयंपाकघराच्या दाराशी. तिनं ऐकलं.

मी काय म्हणालो? "बसा, चहा घ्या." बस, एवढंच! नाही म्हणालो नाही. दोन डझनांचं काम सांगून गेले. खोटं कशाला लिहू — छाती फुगली होती.

२ फेब्रुवारी

ताट वाढताना सावित्रम्मा — "शाबासकी गोड लागली का?"

५ फेब्रुवारी

चार दिवस झाले. सरदारबी आलेली नाही.

७ फेब्रुवारी

अर्ध्या दिवसाची शाळा. दोन डझन आपणच करू म्हणून बसलो. तीन धोटे फुकट गेले. चौथा हातात धरून बसून राहिलो.

राजेसाबचे हात तरी थरथरत होते. माझं काय?

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच नरसय्यांकडं गेलो. मागांचा खडखडाट. ओरडूनच सांगावं लागलं — "ते धोटे माझे नाहीत! सरदारबीचे!"

"कोण सरदारबी?"

"राजेसाबची बायको. आधीचेही तिचेच. पाच वर्षं!"

जवळच्या दोन विणकरांनी माग थांबवले. नरसय्यांनी जुना धोटा उचलला, मी नेलेल्या नव्याशेजारी धरला. दोन्हींवरनं बोट फिरवलं. "म्हणजे माझे माग या बाईच्या हातावर चालले? मग मास्तर, दोन डझनांचं काम तुम्हाला कशाला सांगितलं मी? तिलाच सांगतो की."

तिथनं शुक्रवार पेठ. सरदारबी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. हाशम खाटेवर. त्याच्यासमोरच सगळं सांगितलं — नरसय्या काय म्हणाले, मी कसा गप्प बसलो.

तिनं मान वर केली नाही. "त्यांच्यासाठी गप बसले, मास्तर. माझा माणूस व्हता. तुमच्यासाठी का म्हणून बसू?"

"चुकलो," म्हणालो. हाशम उठून बाहेर गेला.

११ फेब्रुवारी

नरसय्या स्वतः तिच्या दारात गेले म्हणे, शिसवी लाकूड घेऊन! गल्लीनं बघितलं. मी निरोप धाडला, मशीन घेऊन जा. तिचा उलटा निरोप — "फुकट नक्को. मशीन तुमची, हात माझे. कबूल असंल तर आणा."

कबूल.

१५ फेब्रुवारी, रविवार

मशीन परत हातगाडीवर चढली. मागनं रेटायला कोण? हाशम! "हसतील त्ये हसतील," एवढंच म्हणाला. सरदारबीच्या पुढच्या खोलीत बसवली, दार सताड उघडं ठेवून. बायका, पोरं, अख्खी गल्ली गोळा झाली. सरदारबीनं पदर खोचला, सगळ्यांसमोर पहिला धोटा काढला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मास्तर, उद्या शाळा सुटली की या. शिकवते."